काठी गेली, वळ आले

दहा फूट रुंद आणि बारा फूट उंच कापड घ्या. आडवं तीनदा दुमडा, मग उभं तीनदा दुमडा. हातात सव्वा फूट बाय दीड फुटाची घडी येते, वजन जेमतेम सव्वादोन किलो. ती सॅकमध्ये बसते, सॅक मोटारसायकलच्या टाकीवर बसते आणि फोटोग्राफर नेवाशाहून सोनईच्या लग्नाला निघतो. तिथे पोचून कापड उलगडलं की त्यावर चौसष्ट घरं उमटलेली. बुद्धिबळाचा पटच. नवरा-नवरीच्या मागे छापलेला राजवाडा असतो, झुंबरं असतात, गुलाबी फुलांची कमान असते, आणि त्या सगळ्यावरून सात उभ्या आणि सात आडव्या रेघा गेलेल्या असतात. मोबाईलच्या पडद्यावर त्या कुणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. अल्बमच्या बारा बाय अठरा इंची पानावर मात्र एक रेघ नेमकी नवरीच्या मुंडावळीतून वर निघालेली दिसते आणि मग वरमाय विचारते, ‘हे काय आहे?’

फोटोग्राफर मंडळी या रेघांना सुरकुत्या म्हणतात, चुण्या म्हणतात, कुणी नुसतंच ‘घडी दिसते’ म्हणतं. मला वळ हा शब्द पटतो. छडीचा उठतो तसा हा घडीचा वळ. सुरकुती वयाने येते, वळ मात्र कुणीतरी उठवलेला असतो.

हा किरकोळ विषय दिवाळी अंकाची इतकी पानं कशाला खातोय, असं वाटणं साहजिक आहे. पण आपल्या नगर जिल्ह्यात आज कापडाच्या पडद्याशिवाय एकही समारंभ पार पडत नाही. बारशाला पाळणा आणि ढग, डोहाळजेवणाला चंद्रकोर आणि झोका, शाळेच्या स्नेहसंमेलनाला सह्याद्रीचे कडे, साखरपुड्याला इंग्रजी अक्षरांत दोन नावं, आणि सप्त्याच्या कीर्तनाला विठ्ठल-रखुमाई. पूर्वी मंडपवाला झालर आणि मखमल लावायचा, आता तोच डेकोरेशनवाला झालाय आणि त्याच्या गोदामात पडद्यांची चळत आहे. १७ हजार चौरस किलोमीटरचा, १४ तालुक्यांचा, क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा हा जिल्हा. अकोल्याच्या डोंगरातून जामखेडच्या माळावर पोचायला अर्धा दिवस जातो, आणि पडदे या सगळ्या अंतरातून रोज इकडून तिकडे जात असतात. २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तेव्हा जुनं नाव छापलेले शाळा-कॉलेजांचे किती पडदे एका रात्रीत निकामी झाले असतील, हा विचार माझ्या मनात येऊन गेला होता. बोलताना आम्ही अजून नगरच म्हणतो. पडद्याला ती सोय नाही.

तर मुद्दा असा की, पडद्याला मुळात काठी होती.

संगीत नाटकांच्या काळातला रंगवलेला पडदा आठवा, किंवा निदान त्याचे फोटो. मांजरपाटाचे पट्टे शेजारी-शेजारी शिवून मोठं कापड तयार करायचं, कारण मागाचा पन्हा मुळातच अरुंद. त्यावर सरस आणि खडूचा हात द्यायचा, वाळवायचं आणि मग पुडीचे रंग सरसात कालवून बाग, महाल, रस्ता, अरण्य रंगवायचं. असा पडदा वाळला की पुठ्ठ्यासारखा ताठ होतो. त्याची घडी घातली तर घडीच्या रेषेवर रंगाचे पापुद्रे सुटतात आणि खाली पांढरा मांजरपाट उघडा पडतो. म्हणून त्याच्या खालच्या कडेला लाकडी रूळ असायचा. दोऱ्या ओढल्या की पडदा त्या रुळावर गुंडाळत वर जायचा, सोडल्या की उलगडत खाली यायचा. प्रयोग संपल्यावर त्याच रुळावर गुंडाळून, गोणपाटात बांधून गाडीत घालायचा. एकाच काठीने तीन कामं व्हायची. पडदा उघडा असताना तिच्या वजनाने तो ताणलेला राहायचा, प्रसंग बदलताना ती गुंडाळायचं यंत्र व्हायची, आणि मुक्काम हलला की तीच पडद्याची पेटी.

१८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं आणि पुढची पन्नासेक वर्षं नाटक मंडळ्या गावोगाव हिंडल्या. त्यांच्याबरोबर पडद्यांची ही भेंडोळी रेल्वेने हिंडली. पडदे रंगवणं हा मोठ्या चित्रकारांचा धंदा होता. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे १९१० ते १९१६ या काळात पश्चिम महाराष्ट्रातले नावाजलेले पडदे रंगवणारे होते. मराठी मंडळ्यांसाठी त्यांनी रंगवले, पारशी-गुजराती नाटकवाल्यांसाठीही रंगवले. ‘पेंटर’ हे आडनाव त्यांना त्या धंद्याने चिकटलं. गंमत अशी की, पुढे सिनेमात आल्यावर पडद्याची सद्दी संपवण्यात याच बाबूरावांचा मोठा हात होता. १९२० सालच्या ‘सैरंध्री’त त्यांनी रंगवलेल्या सपाट पडद्यांऐवजी उभे, भरीव देखावे बांधले. ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षं कापडावर खोली रंगवण्यात घालवली, त्यालाच कॅमेऱ्यापुढे ती खोली खोटी दिसते हे आधी कळलं. पडदा सपाट आहे हे कॅमेरा लपवत नाही. आणि त्यावर घडी असली तर तीही लपवत नाही.

नगर जिल्ह्यात गुंडाळायच्या पडद्याची परंपरा नाटकापेक्षा तमाशाने जास्त सांभाळली. तुकाराम खेडकर आणि कांताबाई सातारकरांचा फड म्हणजे संगमनेरचं नाव महाराष्ट्रभर करणारा फड. कांताबाई २०२१ साली गेल्या, तोवर त्या संगमनेरातच होत्या. ढोलकीफडाचा तमाशा दसऱ्याला बाहेर पडतो आणि चैत्र-वैशाखाच्या जत्रा संपेपर्यंत रोज नवं गाव. तंबू, कनाती, खांब, फळ्या, दिव्यांचं सामान, माणसं, सगळं ट्रकांमधून. आता यातली एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या गाडीत तंबूचे खांब जातात त्या गाडीत पडद्याची काठीही जाते. वीस फुटी बांबूशेजारी पंधरा फुटी गुंडाळी कुणाला अडचणीची वाटत नाही. काठी टिकायला लांब गाडी लागते.

जत्रेतल्या फोटोवाल्याचंही तसंच. मढीला रंगपंचमीच्या सुमारास कानिफनाथांची यात्रा, मोहट्याला नवरात्रात देवीची, कोरठणला पौष पौर्णिमेला खंडोबाची. पाळणेवाले, खेळणीवाले, मिठाईवाले यांच्या रांगेत एक फोटोवाला असायचाच. त्याच्या पडद्यावर ताजमहाल, नाहीतर शिकारा, पुढे पुठ्ठ्याची मोटारसायकल. हा पडदा बांबूवर गुंडाळून पाळण्याच्या टेम्पोतून यायचा. उन्हाने त्याचा रंग विटायचा, ताजमहाल पिवळा पडायचा, पण घडीची रेघ त्यावर नसायची. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर पिनी यांनी मध्य प्रदेशातल्या नागद्याच्या स्टुडिओंवर १९९७ साली पुस्तक लिहिलं. आपल्याकडचा माणूस फोटोत जसा आहे तसा दिसायला येत नाही, कुठेतरी पोचायला येतो, हे त्यांच्या वाचकाला जाणवत राहतं. आपल्या जत्रेतल्या पडद्यापुढेही तेच. पाथर्डीचा ऊसतोड मजूर विमानाच्या खिडकीतून डोकं काढून हसतो, तेव्हा विमान चुरगळलेलं असून चालत नाही.

मोठं कापड किंवा मोठा कागद गुंडाळून ठेवायचा, हे शहाणपण नाटकवाल्यांच्याही आधीचं. नगरमधला पद्मशाली समाज विणकर, मूळचा तेलंगणाकडचा. त्याच तेलंगणात चेरियाल गावची पटचित्रं होतात. खादीवर चिंचोक्याची खळ आणि पांढरी माती चढवून रंगवलेले तीस-तीस फुटांचे पट. पद्मशालींच्या मार्कंडेयाची कथा सांगणारे कथेकरी पट उलगडत-गुंडाळत एकेक चित्र पुढे आणायचे. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात सुमारे २०० फूट लांबीची जन्मपत्रिका आहे. एवढी पत्रिका गुंडाळल्याशिवाय सांभाळताच आली नसती.  

मग काठी गेली कुठे?

ती कापडाबरोबर गेली नाही, रंगाबरोबर गेली. सरसाचा रंग घडीवर तडकायचा, त्या भीतीने काठी टिकून होती. मधल्या काळात फ्लेक्स आला. त्यालाही घडी घातली की पांढरी भेग पडते आणि उन्हाळ्यात थर एकमेकांना चिकटतात, म्हणून फ्लेक्सची सुरळी करायची सवय चौकातल्या कार्यकर्त्यालासुद्धा लागली. मग पॉलिस्टरवर छापायची नवी पद्धत आली. यात रंग आधी कागदावर छापतात आणि दोनशेच्या आसपास अंशांच्या तापलेल्या रुळाखाली कागद आणि कापड एकत्र घालतात. रंगाची वाफ होते आणि ती धाग्यात शिरते. रंगाचा वेगळा थर कापडावर राहतच नाही, त्यामुळे तडकायला काही उरत नाही. धुवा, चुरगळा, बोचकं करा, छाप तशीच. सुरतेकडून असं कापड ढिगाने यायला लागलं, कुरिअरने यायला लागलं, आणि कुरिअर म्हणजे घडी. पहिला वळ कारखान्यातच पडतो, तो सोसून पडदा आपल्याकडे येतो.

गुन्हा तोच राहिला, शिक्षा सौम्य झाली. घडी घातल्याने पडदा मरायचा, आता नुसता विद्रूप दिसतो. आणि फोटोग्राफरकडे ट्रक नाही, नाटक मंडळीची रेल्वेतली राखीव वाघीण नाही. त्याच्याकडे दुचाकी आहे, फार तर एक जुनी ओम्नी. दहा फुटी काठी त्याने न्यायची कुठून? मला त्याचा राग येत नाही. राग येतो तो बाजारात ‘सुरकुत्या न पडणारं कापड’ म्हणून विकणाऱ्यांचा, कारण तसं कापड नसतं. कमी पडणारं असतं.

वळ पडतो कसा, हे एकदा समजलं की निम्मे उपाय आपोआप सुचतात. सुती धागा हवेतला ओलावा पितो. साधारण हवेत सुताच्या वजनाच्या आठेक टक्के पाणी त्यात असतं. हे पाणी धाग्यातल्या रेणूंमधल्या गाठी सैल करतं आणि ते वाळताना गाठी पुन्हा बसतात, त्या वेळी कापड ज्या आकारात असेल त्या आकारात. म्हणून पावसाळी सकाळी घडी घातलेला सुती पडदा दुपारच्या उन्हात घडीतच वाळला, की वळ पक्का. पॉलिस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही, अर्धा टक्कासुद्धा नाही. त्याचा वैरी उष्णता. सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास त्याचा धागा मऊ पडायला लागतो आणि थंड होताना आहे तो आकार धरतो. आता मे महिन्यात श्रीरामपूरला लॉन्सबाहेर उन्हात उभ्या केलेल्या गाडीची डिकी डोळ्यांपुढे आणा. बाहेर चाळीसच्या वर पारा, बंद डिकीत साठ सहज ओलांडतो, आणि घडी घातलेल्या पडद्यावर लाइटच्या स्टँडची पिशवी ठेवलेली. इस्त्री याहून काय वेगळी असते? फोटोग्राफर म्हणतो, कापड खराब लागलं. कापडाने आपलं काम चोख केलंय.

त्यात चौसष्ट पदरांच्या घडीत सगळे पदर सारखे वाकत नाहीत. शेवटच्या मोडीला बत्तीस पदर एकदम वळतात. आतल्या पदराची मोड सुरीच्या धारेसारखी असते, बाहेरच्याची बोटभर गोल. म्हणून पडद्याच्या मधोमध, म्हणजे नेमकं जिथे माणूस उभा राहतो तिथे, एखादा वळ सगळ्यात कडक उमटतो. सॅकमध्येच न्यायचा असेल तर एक जुनी युक्ती आहे आणि ती ऐकायला उलटी वाटते. घडी घालूच नका. कापड मुठी-मुठीने पिशवीत कोंबा. चुण्या पडतात, पण बारीक, आडव्यातिडव्या, कुठलीही सरळ रेघ नसलेल्या. डोळा सरळ रेघ लगेच पकडतो, विस्कटलेल्या शंभर चुण्या त्याला पोतासारख्या वाटतात. एकरंगी, डागाळ रंगवलेल्या सुती पडद्यांसाठी ही पद्धत फोटोच्या धंद्यात सर्रास वापरतात. छापील महालासाठी मात्र ती चालत नाही, खांब वाकडे दिसतात.

आपल्या आया-आज्यांना यातला अर्धा भाग पाठ होता. येवला कोपरगावला लागूनच, तेव्हा पैठणी या भागात घरोघर. पैठणी मलमलीत गुंडाळून ठेवायची आणि चार-सहा महिन्यांनी काढून तिच्या घड्या बदलायच्या, म्हणजे जर एकाच रेषेवर मोडत नाही. पडद्यालाही हा नियम लागू आहे. घडी टाळता येत नसेल तर निदान दर वेळी दुसरीकडून घाला, एकदा तीन पदरी, एकदा चार पदरी. आणि मोडीच्या आत जुन्या चादरीची वळकटी ठेवा, म्हणजे कापड धारेवरून न वळता गोलाईवरून वळतं. दोन मिनिटांचं काम आहे. लग्न आटोपून रात्री बाराला सामान आवरणारा माणूस ते करत नाही हेही खरं.

पोचल्यावर करायचे उपाय म्हणजे वाफ आणि वजन. इस्त्री नको. एवढं कापड इस्त्री करायला जमीन लागते, वेळ लागतो आणि पॉलिस्टरला जरा जास्त तापलेली इस्त्री लागली की चकाकणारा डाग पडतो, तो कॅमेऱ्याला आधी दिसतो. हातातलं वाफेचं यंत्र हल्ली बऱ्याच जणांकडे असतं. पडदा टांगायचा, खालच्या कडेला चिमट्यांनी वजन लावायचं आणि कापडाच्या मागच्या बाजूने, वरून खाली वाफ सोडत यायचं. हात घाईने फिरवला तर वळ उठत नाही, एका जागी थांबला तर थेंब गळतात. इथे नगरचं पाणी आडवं येतं. काळ्या दगडातून आलेलं बोअरचं पाणी जड, वाफेच्या यंत्रात त्याची पुटं चढतात आणि एक दिवस ते यंत्र राजवाड्यावर पांढरे शिंतोडे उडवतं. उपाय गॅरेजवाल्याकडे असतो. बॅटरीत घालायचं पाणी. पाच लिटरचा कॅन घेतला की हंगामाचा बराच भाग निघतो. फार कमी लोक हे करतात, आणि का करत नाहीत मला समजत नाही.

हे सगळं करायचं नसेल तर उजेडाकडे वळा. वळ म्हणजे कापडावरचा अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटा, तो दिसतो सावलीमुळे. दिवा बाजूने, पडद्याला घासून गेला, की प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. समोरून, थोडा वरून, मोठ्या छत्रीतून दिवा दिला की सावली पुसट होते. माणूस पडद्यापासून पाच-सहा फूट पुढे उभा केला तर पडदा अस्पष्ट होतो आणि वळ त्यात विरघळतात. लॉन्सच्या स्टेजवर एवढी जागा नसते, कारण तिथे सिंहासन असतं, आणि सिंहासन पडद्याला टेकवून ठेवायची डेकोरेशनवाल्याची पक्की खोड. फोटोग्राफर आणि डेकोरेशनवाला यांच्यातला हा वाद मी अनेक लग्नांत ऐकलाय, जेवणाच्या पंगती बसल्या तरी मिटत नाही. कॉम्प्युटरवर नंतर वळ पुसता येतात. एका फोटोतला पुसायला मिनिट लागतं, शेकडो फोटोंतले पुसायला उन्हाळा, आणि व्हिडिओत झुळकीने हलणाऱ्या पडद्यावरचा वळ पुसणं म्हणजे डोकेदुखी.

मी काठीच्या बाजूचा माणूस आहे. आणि काठी आपल्या जिल्ह्यात प्रत्येक गावात विकायला आहे. शेतीचं सामान विकणाऱ्या दुकानाबाहेर पीव्हीसीचे पाइप उभे असतात ना, तीच. अडीच इंची नको, तीन इंची घ्या, म्हणजे ९० मिलिमीटरचा. बारा फूट कापड त्यावर साधारण तेरा वेढ्यांत बसतं. जितका पाइप जाड तितकी गोलाई मोठी आणि कापडाला त्रास कमी. बारीक पाइपवर आतले वेढे घट्ट बसतात आणि पडद्याच्या एका टोकाला आडव्या लाटा उठतात. पाइपवर छापलेल्या कंपनीच्या अक्षरांचा रंग कापडाला लागू शकतो, म्हणून आधी त्याच्यावर जुन्या धोतराचा नाहीतर सुती साडीचा एक वेढा द्यावा.

गुंडाळायला दोन माणसं लागतात आणि दोघांचं जमावं लागतं. स्वच्छ सतरंजीवर पडदा पालथा घालायचा. वरची कड पाइपला समांतर लावून चार ठिकाणी कागदी चिकटपट्टीने धरायची, सेलो टेपने नाही, तिचा डिंक उन्हाने कापडात उतरतो. दोघांनी दोन टोकांना बसायचं. एक जण फिरवणार, दुसरा नुसता साथ देणार, असं केलं तर गुंडाळी तिरकी जाते, एका बाजूने कापड बाहेर येत राहतं आणि बारा फुटांवर पोचेपर्यंत हातभर फरक पडतो. दोघांनी एकदम, दर अर्ध्या फेऱ्याला थांबून, तळहाताने मधून कडेकडे कापड सारत जायचं. घट्ट नको. घट्ट गुंडाळी आवळल्यासारखी दिसते आणि छान वाटते, पण आत कुठे बारीक चुणी राहिली असेल तर तिच्यावर तेरा वेढ्यांचा दाब बसतो. शेवटी नाड्यांनी तीन जागी बांधायचं, नाड्या रुंद हव्यात. सुतळीने बांधलं की सुतळीचा वळ उठतो, मग आपण काय मिळवलं?

चित्र आत की बाहेर, यावर दोन पक्ष आहेत. संग्रहालयातले संवर्धक जुनं रंगवलेलं कापड चित्र बाहेरच्या अंगाला ठेवून गुंडाळतात, कारण आतल्या अंगाला रंगाचा थर दाबला जाऊन चुरगळतो, बाहेरच्या अंगाला तो फक्त ताणला जातो. जत्रेतला फोटोवाला चित्र आत ठेवायचा, बाहेर ठेवलं तर मढीच्या धुळीने एका यात्रेत ते काळं व्हायचं. दोघंही आपापल्या जागी बरोबर. छापील पॉलिस्टरला रंगाचा थरच नाही, तेव्हा फोटोवाल्याचं ऐकावं आणि चित्र आत घ्यावं. गळीत हंगामात कारखान्यांच्या आसपास उसाच्या चिपाडाची काजळी उडत असते आणि लग्नाची तिथीही नेमकी त्याच महिन्यांत. पांढऱ्या पडद्यावर ती झटकली तर पसरते. वरून एक कापडी गवसणी हवीच.

प्रवासात गुंडाळी टपावरच्या कॅरिअरला दोन नाही, तीन जागी बांधावी. दोन जागी बांधलेला दहा फुटी पाइप मधून झुलतो. नगर-मनमाड रस्त्यावरून कोल्हारपर्यंत जरी गेलात तरी तो इतके झोके घेतो की वेढे सैल होऊन एका टोकाला सरकतात. मोटारसायकलवर हे जमत नाही, इथे माझ्याकडे पुरता उपाय नाही. फार तर पडदा मधोमध एकदाच दुमडून, मोडीत चादरीची वळकटी घालून पाच फुटी पाइपवर गुंडाळता येतो. चौसष्ट घरांऐवजी दोन घरं होतात, आणि उभा वळ एकच, तोही पुसट. पाच फुटी पाइप पाठीवर तिरपा बांधून दुचाकी चालवणारे मी पाहिलेत, पोलिसांनी त्यांना अडवलेलंही पाहिलंय.

घरी आल्यावर गुंडाळी भिंतीला उभी करून ठेवायची नाही. कापड स्वतःच्या वजनाने खाली उतरतं आणि तळाला त्याच्या चुण्या जमतात. जमिनीवर आडवी टाकली तर खालची बाजू चपटी होते आणि वर कुणीतरी पोती ठेवतंच. पाइपच्या पोकळीतून दोरी ओवून ती आढ्याच्या दोन हुकांना टांगावी. भार पाइपवर, कापडावर काहीच नाही, आणि उंदीरही पोचत नाही. सरसाच्या जुन्या पडद्यांना उंदीर आणि कसर दोन्हींचा फार त्रास असे, कारण सरस त्यांना अन्नच. पॉलिस्टर ते खात नाहीत, पण घर करायला त्यांना ते आवडतं.

प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवायचं की नाही, हे तुम्ही जिल्ह्याच्या कुठल्या टोकाला राहता त्यावर आहे. पाथर्डी, जामखेड, कर्जतकडे हवा कोरडी, तिथे प्लॅस्टिकने फार बिघडत नाही आणि धूळ थांबते. अकोल्याच्या पश्चिमेला घाटघर-रतनवाडीकडे पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. तिथे प्लॅस्टिकमध्ये कोंडलेला सुती पडदा गौरी-गणपतीला उघडला तर त्यावर काळे ठिपके आलेले असतात, आणि ते जात नाहीत. तिकडे फक्त सुती गवसणी, आणि श्रावणात ऊन पडलं की एकदा उलगडून वारा द्यायचा. डांबराच्या गोळ्या कापडाला चिकटून ठेवू नयेत, त्या वेगळ्या पुरचुंडीत टांगाव्यात.

राहिला प्रश्न मापाचा. पडदा दहा फुटी असेल तर दोन्हीकडे तीन-तीन इंच मोकळे सुटायला पाइप साडेदहा फुटी लागतो. दुकानात पाइप मिळतो सहा मीटरचा, म्हणजे वीस फुटांना चार इंच कमी. त्यातून साडेदहाचा एक तुकडा निघतो आणि उरलेले सव्वानऊ फूट अंगणात वर्षानुवर्षं पडून राहतात. म्हणून नवा पडदा छापायला टाकताना रुंदी नऊ फूट सांगावी. स्टुडिओतल्या कागदी पडद्याची जगभर चालणारी रुंदीही जवळपास एवढीच, २.७२ मीटर. जोडपं, दोन्हीकडचे आईबाप आणि एक करवली एवढे त्यात नीट मावतात. पाइप बरोबर मधोमध कापून घ्यावा, दुकानदार करवत देतो. दोन पडद्यांची सोय होते, नाहीतर दुसरा तुकडा शेजारच्या फोटोग्राफरला अर्ध्या किमतीत द्यावा.